विश्लेषण : कॅराव्हॅनने मुलांसह देशभर फिरायचं, पण रात्री थांबायचं कुठे?

झोपायला पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि शौचालय असलेली गाडी घ्यायची, मुलांना बसवायचं आणि साताऱ्याहून किंवा सांगलीहून थेट कन्याकुमारी किंवा राजस्थान गाठायचं. अशा प्रवासाचं आकर्षण गेल्या काही वर्षांत वाढलं आहे. हॉटेलचं बुकिंग नको, बाहेरचं खाणं नको, लहान मुलाला झोप आली तर पलंग तिथेच. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनासाठी स्वतंत्र धोरणही आणलं.

पण प्रवासाची आखणी करायला बसलं की लक्षात येतं, गाडी मिळवणं हा त्यातला सोपा भाग आहे. रात्री ती उभी कुठे करायची, पाणी कुठे भरायचं, शौचालयाची टाकी कुठे रिकामी करायची आणि गाडी चालू असताना मुलं कुठे बसणार, हे प्रश्न अवघड आहेत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या उदाहरणातून हे प्रश्न समजून घेऊ.

कॅराव्हॅन म्हणजे नेमकं काय?

कॅराव्हॅनचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एक म्हणजे स्वतःचं इंजिन असलेली गाडी. मिनीबसच्या सांगाड्यावर आतून घरासारखी रचना केलेली. दुसरा प्रकार म्हणजे कारच्या मागे जोडून ओढायचा ट्रेलर. भारतात पहिला प्रकार जास्त दिसतो. पसरणी किंवा कुंभार्ली घाटातल्या वळणांवर ट्रेलर ओढणं, समोरून एसटी आली की तो मागे घेणं, हे किती कठीण आहे याची कल्पना घाटात गाडी चालवलेल्या कोणालाही येईल.

अमेरिका आणि युरोपात अशा गाड्या रुळल्या, त्यामागे गाड्यांइतकाच वाटा थांब्यांचा आहे. तिथे ठिकठिकाणी कॅराव्हॅनसाठीचे तळ आहेत. गाडी ठरलेल्या जागी उभी करायची, विजेची जोडणी घ्यायची, नळाला पाइप लावायचा आणि मैलापाणी ठरलेल्या ठिकाणी सोडायचं. हे तळ नसतील तर उरते ती फक्त एक मोठी, जड आणि जास्त डिझेल खाणारी गाडी.

महाराष्ट्राचं धोरण काय सांगतं?

२०२१ च्या धोरणात दोन गोष्टी आहेत, कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क. पार्क म्हणजे गाड्या उभ्या करून मुक्काम करण्याची जागा, जिथे रस्ता, पाणी, वीज आणि स्वच्छतागृह अशा मूलभूत सोयी असतील. खासगी जागेवर किंवा पर्यटन महामंडळाच्या निवासांच्या मोकळ्या जागेत असे पार्क उभे राहू शकतात. कॅराव्हॅन आणि पार्क या दोन्हींसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची सोय आहे.

या धोरणामागचं मुख्य कारण सातारा जिल्ह्याला थेट लागू पडतं. जिथे पक्कं बांधकाम करता येत नाही, तिथेही पर्यटकांना मुक्काम करता यावा, हे ते कारण. महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. कास पठाराचा समावेश २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटातल्या स्थळांबरोबर झाला. सांगली जिल्ह्यातलं चांदोली हे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. अशा ठिकाणी नवं हॉटेल बांधण्यापेक्षा चाकांवरचं घर येऊन दोन दिवसांनी निघून जाणं, हा कागदावर तरी चांगला पर्याय दिसतो.

केरळनेही २०२१ मध्येच 'केरावॅन केरळ' नावाचं धोरण जाहीर केलं आणि पुढच्याच वर्षी इडुक्की जिल्ह्यातल्या वागमोन इथे पहिला पार्क सुरू झाला. पण संपूर्ण देशाचा विचार केला तर एका पार्कहून दुसऱ्या पार्कला, असं करत दोन हजार किलोमीटरचा प्रवास आखता येईल अशी साखळी अजून तयार झालेली नाही.

मैलापाण्याचा प्रश्न इतका महत्त्वाचा का?

गाडीत वापरलेल्या पाण्याचे दोन प्रकार होतात. भांडी आणि आंघोळीचं सांडपाणी एका टाकीत जमतं, तर शौचालयाचं मैलापाणी दुसऱ्या टाकीत. लहान गाड्यांमध्ये शौचालयाखाली साधारण २० लिटरची, काढून नेता येणारी टाकी असते. चौघांच्या कुटुंबात ती एक-दोन दिवसांत भरते. स्वच्छ पाण्याचंही तसंच. टाकी १०० लिटरची असेल आणि माणशी २५ लिटर वापर धरला तर एका दिवसात ती संपते.

म्हणजे रोज किंवा दिवसाआड पाणी भरणं आणि मैलापाणी सोडणं भाग आहे. ते सोडायची सोय नसेल तर शेवटी ते ओढ्यात किंवा रस्त्याकडेच्या चरात जातं.

इथे सातारा आणि सांगली एकमेकांशी जोडलेले आहेत. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. वाई, माहुली, कराड असा प्रवास करत ती सांगलीला पोहोचते. वेण्णा आणि कोयना याही महाबळेश्वर परिसरातच उगम पावून अनुक्रमे माहुलीला आणि कराडला कृष्णेला मिळतात. डोंगरमाथ्यावर जे सोडलं जातं, ते खालच्या गावांच्या वाट्याला येतं आणि सांगली शहर कृष्णेचंच पाणी पितं. त्यामुळे 'बांधकाम नाही म्हणजे पर्यावरणाला धोका नाही' हे समीकरण अपुरं आहे. मैलापाणी रिकामं करण्याची सोय नसताना गाड्यांची संख्या वाढली, तर इमारतींमुळे जे नुकसान होतं, त्यातला एक भाग चाकांवरून येईल.

आखणी करणाऱ्या कुटुंबासाठी याचा अर्थ साधा आहे. गाडीतलं शौचालय रात्रीपुरतं आणि मुलांच्या अडीनडीला वापरायचं. दिवसा पेट्रोल पंप, महामार्गावरच्या सोयी, हॉटेलं वापरायची. टाकी रिकामी करायची ती शौचालयातच, उघड्यावर नाही. आणि मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून आधी विचारायचं ते 'गाडी लावू का' एवढंच नाही, तर 'टाकी रिकामी करायला शौचालय मिळेल का' हेही.

पांढरी पाटी की पिवळी?

केंद्र सरकारच्या २००४ च्या वाहन वर्गीकरणानुसार खासगी वापरासाठीची कॅम्पर व्हॅन ही बिगर-परिवहन वाहनांत मोडते, तर इतर कॅम्पर व्हॅन परिवहन वाहनांत. म्हणजे गाडी तीच, पण वापरानुसार तिचा वर्ग बदलतो. स्वतःच्या कुटुंबासाठीची गाडी पांढऱ्या पाटीची, भाड्याने देण्याची गाडी पिवळ्या पाटीची.

भाड्याने गाडी घेणाऱ्यांनी हे आवर्जून तपासायला हवं. पांढऱ्या पाटीची गाडी 'ओळखीतून' भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. पिवळ्या पाटीच्या गाडीला राज्याबाहेर जायचं तर अखिल भारतीय पर्यटक परवाना लागतो. २०२३ च्या नियमांनुसार तो एकदाच शुल्क भरून देशभर चालतो. परवान्याची आणि योग्यता प्रमाणपत्राची प्रत निघण्यापूर्वी पाहून घेणं हा दहा मिनिटांचा, पण फार उपयोगाचा भाग आहे.

चालकाच्या परवान्याबाबत मात्र चित्र स्पष्ट झालं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निर्णय दिला की हलक्या वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं परिवहन वाहनही चालवू शकते. मिनीबसच्या सांगाड्यावरच्या बहुतेक कॅराव्हॅन या मर्यादेत बसतात. तरी नोंदणी प्रमाणपत्रावरचा एकूण वजनाचा आकडा पाहून खात्री करावी.

टोलच्या हिशोबातही गाडीचा वर्ग महत्त्वाचा ठरतो. १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला, तेव्हा ३,००० रुपयांचा असलेला वार्षिक फास्टॅग पास फक्त खासगी कार, जीप आणि व्हॅनसाठी आहे. मिनीबस म्हणून नोंद असलेल्या किंवा पिवळ्या पाटीच्या गाडीला तो लागू नाही. तासवडे, किणीपासून पुढे प्रत्येक नाक्यावरचा टोल खर्चात धरावा लागेल.

जुन्या गाडीची घरीच कॅराव्हॅन केली तर?

जुनी व्हॅन घ्यायची, फॅब्रिकेटरकडून पलंग-ओटा बसवून घ्यायचा, असे व्हिडिओ समाजमाध्यमांवर भरपूर दिसतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मात्र मूळ उत्पादकाच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल करण्यास मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम किती काटेकोर आहे ते स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

सुटी गादी, काढता येणारं पेटारं, बर्फाचा डबा अशा वस्तू सामानात मोडतात. पण आसनं काढून पलंग वेल्ड करणं, छत कापणं, गॅसची पक्की जोडणी करणं हे बदल आहेत. आरटीओची मंजुरी आणि नोंदणी प्रमाणपत्रात नोंद असल्याशिवाय अशी गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात जाणं जोखमीचं आहे.

गाडी चालू असताना मुलं कुठे बसणार?

कॅराव्हॅनच्या जाहिरातींत मुलं पलंगावर लोळत खिडकीबाहेर बघताना दिसतात. सगळ्यात मोठा धोका नेमका तिथे आहे. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी अचानक थांबली, तर पलंगावरचं मूल त्याच वेगाने पुढे फेकलं जातं. समोर ओटा असतो, लाकडी कपाट असतं, गॅसची शेगडी असते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन न लावता गाडी चालवल्यास १,००० रुपये दंड आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा मागच्या आसनावर पट्टा न लावण्याची चर्चा देशभर झाली. कॅराव्हॅनमध्ये तर मागे अनेकदा पट्टेच नसतात.

त्यामुळे गाडी निवडताना पलंग किती, यापेक्षा समोर तोंड असलेली, तीन बिंदूंच्या पट्ट्याची आसनं किती, हा पहिला प्रश्न हवा. कुटुंबात पाच माणसं आणि अशी आसनं तीनच असतील, तर ती गाडी त्या कुटुंबासाठी नाही. पलंग फक्त गाडी उभी असताना वापरायचा.

गॅस, जनरेटर आणि बंद काचा

डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत सापडले. एसीसाठी चालू ठेवलेल्या जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साईड आत शिरल्याचं तपासात समोर आलं. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही.

ही दुर्घटना पुन्हा थांब्याच्याच प्रश्नाकडे नेते. गाडीतला एसी तासाला साधारण एक युनिटपर्यंत वीज घेऊ शकतो. १२ व्होल्टच्या २०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत जेमतेम अडीच युनिट वीज असते. म्हणजे रात्रभर एसी चालवायचा तर बाहेरून विजेची जोडणी हवी. ती नसेल तर लोक जनरेटर लावतात किंवा इंजिन चालू ठेवतात. विजेची सोय असलेला तळ ही चैन नाही, सुरक्षेची गरज आहे.

तळ मिळणार नसेल तर नियम एकच : जनरेटर किंवा इंजिन चालू ठेवून कोणीही गाडीत झोपायचं नाही. जाळी लावलेल्या खिडक्या, बॅटरीवरचे पंखे आणि कार्बन मोनॉक्साईड ओळखणारा छोटा गजर जवळ ठेवायचा. स्वयंपाक दारं-खिडक्या उघडी ठेवून किंवा बाहेर करायचा आणि प्रवासात सिलिंडरचा कॉक बंद ठेवायचा.

महामार्गावर काय सोयी आहेत?

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'हमसफर' धोरण जाहीर केलं. राष्ट्रीय महामार्गांवरच्या सोयींमध्ये स्वच्छ शौचालयं, बाळासाठी खोली, व्हीलचेअर, वाहनतळ, इलेक्ट्रिक वाहनांसाठी चार्जिंग आणि पंपांवर झोपण्याची सोय असावी, असं त्यात म्हटलं आहे. हे धोरण कॅराव्हॅनसाठी केलेलं नाही, पण मुलांसह निघालेल्या कुटुंबाला सध्या सर्वाधिक उपयोग त्याचाच. महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

मुक्कामांच्या व्यवस्थेचं एक उदाहरण सातारा जिल्ह्यात दरवर्षी पाहायला मिळतं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड हे तिचे मुक्काम ठरलेले आहेत. दिंड्यांचे ट्रक तंबू आणि शिधा घेऊन पुढे जातात, पाण्याचे टँकर येतात, फिरती शौचालयं लागतात. लाखो माणसांचा प्रवास पार पडतो, कारण आधी मुक्काम ठरतो आणि मग चाल. कॅराव्हॅनच्या आखणीत बहुतेक लोक उलटं करतात. आधी ठिकाणं ठरवतात आणि मुक्काम वाटेत बघू म्हणतात.

दिवसाला किती किलोमीटर?

साताऱ्याहून बेंगळुरूमार्गे कन्याकुमारी सुमारे १,४०० किलोमीटर आहे. लहान मुलं बरोबर असताना, दर दोन तासांनी थांबत, उजेडातच गाडी चालवायची तर दिवसाला २५० किलोमीटर हा वास्तव आकडा आहे. म्हणजे जायला सहा दिवस, यायला सहा दिवस. दोन आठवड्यांच्या सुट्टीत पाहण्यासाठी जेमतेम दोन दिवस उरतात. त्याऐवजी बदामी, हंपी, म्हैसूर असा टप्पा धरला तर निम्मे दिवस मुलांना गाडीबाहेर मिळतात.

सुट्टी कधी घ्यायची, हाही प्रश्न सोपा नाही. मे महिन्यात सुट्टी मोठी, पण उत्तर भारतात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याची गाडी दिवसभर तापते. जून उजाडला की पाऊस. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोली इथे पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद राहिला होता. दिवाळीच्या सुट्टीत हवा चांगली असते, पण तामिळनाडूत तेव्हा ईशान्य मोसमी पाऊस असतो. त्यामुळे दिवाळीत गुजरात-राजस्थान किंवा उत्तर कर्नाटक, आणि मे महिन्यात निलगिरी, कोडगूसारखे दक्षिणेतले डोंगराळ भाग, अशी विभागणी जास्त सोयीची.

दिवाळीला निघताना घराजवळचाच एक धोका लक्षात ठेवावा लागतो. त्याच सुमारास गळीत हंगाम सुरू होतो. कराड, वाळवा, पलूस तालुक्यांतल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्री चालतात आणि मागे दिवे किंवा परावर्तक पट्ट्या असतीलच असं नाही. त्यात शेंद्रे ते कागल या टप्प्यात गेली काही वर्षं सहापदरीकरणाची कामं आणि वळणरस्ते आहेत. पहाटे अंधारात निघण्याची सवय इथे मोडलेली बरी.

मग आखणी कशी करावी?

क्रम उलटा केला की बरंच सोपं होतं. आधी रात्री मोजायच्या. १४ दिवसांच्या प्रवासात १३ रात्री. त्यातल्या प्रत्येक रात्रीपुढे जागेचं नाव, फोन नंबर, वीज आहे का, पाणी आहे का, शौचालय आहे का हे लिहायचं. पर्यटन महामंडळांची निवासं, कृषी पर्यटन केंद्रं, धर्मशाळा, ओळखीच्यांची अंगणं हे पर्याय. या बाबतीत खानापूर-आटपाडी भागातल्या लोकांकडे एक मोठी जमेची बाजू आहे. सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायामुळे इथली कुटुंबं देशभरातल्या शहरांमध्ये पसरलेली आहेत. अनेक शहरांत गावचं कोणीतरी असणं म्हणजे एक सुरक्षित थांबा असणं.

दर तिसऱ्या-चौथ्या रात्री साध्या लॉजवर खोली घ्यावी. आंघोळ, कपडे, चार्जिंग आणि टाक्यांची स्वच्छता तिथे होते. ज्या रात्रीपुढे काहीच लिहिता येत नाही, तो टप्पा प्रवासातून काढावा.

गाडी विकत घेण्याआधी दोन रात्रींसाठी भाड्याने घेऊन जवळच रंगीत तालीम करावी. सांगलीहून मिरजेची सतारमेकर गल्ली, सागरेश्वर अभयारण्य, कराडचा प्रीतिसंगम आणि परत, एवढं फिरलं तरी मुलं किती वेळ बसतात, पाणी किती लागतं आणि रात्री कोणाला झोप येत नाही, हे सगळं कळतं.

सरकारने काय करायला हवं?

धोरणाचा भर पार्क उभारणाऱ्या गुंतवणूकदारांवर आणि पर्यटनस्थळांवर राहिला आहे. पण लांबचा प्रवास करणाऱ्याला पर्यटनस्थळापेक्षा वाटेवरचा थांबा जास्त लागतो. सातारा, कराड, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), मिरज अशा महामार्गालगतच्या शहरांत पाच-दहा गाड्यांपुरती जागा, विजेचे प्लग, नळ, मैलापाणी प्रक्रिया केंद्राला जोडलेला निचरा आणि एक रखवालदार, एवढ्याने काम होऊ शकतं. महामार्गावर नव्याने होणाऱ्या सोयींमध्ये ही एक अट जोडली, तर वेगळी जमीनही शोधावी लागणार नाही. रात्रीच्या चालकांना, सहलीच्या बसना आणि वारीच्या काळात दिंड्यांनाही त्याचा उपयोग होईल.

तोपर्यंत कॅराव्हॅन घेऊन निघणाऱ्या कुटुंबाला हे थांबे स्वतःच शोधावे लागतील. १३ रात्रींचा तो कागद भरला, की गाडी कोणती घ्यायची आणि जायचं कुठपर्यंत, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं बहुतेक त्यातूनच मिळतात.